गळकी चिप आणि संशयी ड्रायव्हर

दुकानदारानं वस्तू हातात देतानाच सांगितलं, ‘यातले काही भाग बिघडलेले आहेत, कुठले ते आतच खूण करून ठेवलंय, बघून घ्या’, तर तुम्ही ती घ्याल? बहुधा तुम्ही ती कधीच घेऊन बसला आहात. घरच्या वाय-फाय राउटरमध्ये किंवा टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्समध्ये नॅन्ड फ्लॅश जातीची चिप असेल, तर तिच्या माहितीपत्रकात जवळजवळ हेच छापलेलं असतं. १,०२४ ब्लॉक असलेल्या एका नेहमीच्या चिपच्या बाबतीत उत्पादक हमी देतो ती १,००४ ब्लॉकची. कारखान्यातच बिघडलेले आणि पुढे वापरात बिघडणारे मिळून वीस ब्लॉक वाया गेले, तरी कंपनीच्या लेखी चिप ठणठणीत! हमी एकाच गोष्टीची ठाम असते: अगदी पहिला ब्लॉक चांगला असेल. राउटर चालू करायची सुरुवात तिथून होते ना!

आणि तरीही तो राउटर वर्षानुवर्षं चालतो. लाइट जाते, येते, पुन्हा जाते. तो आपला दर वेळी उठून उभा राहतो. बिघडलेल्या चिपवर न बिघडणारं यंत्र उभं राहतं कसं? याचं उत्तर बऱ्याचदा लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातल्या, एका कोपऱ्यात सापडतं. हा कर्नल कुणालाही उघडून वाचता येतो. मी तो कोपरा वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं, रटाळ असेल. निघाली ती जगातल्या सगळ्यात संशयी माणसांनी लिहिलेली रहस्यकथा.

आधी चिपच्या पोटात काय चालतं ते बघू.

फ्लॅशमध्ये माहिती साठते ती कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात. प्रत्येक पेशीत वाहक पदार्थाचा एक सूक्ष्म तुकडा असतो आणि त्याच्या चारही बाजूंना विद्युतरोधक थर. तुकडा कशालाच जोडलेला नाही, अधांतरी. त्यात इलेक्ट्रॉन भरले की शून्य, रिकामा असला की एक. पण कशालाच जोडलेला नसेल तर इलेक्ट्रॉन आत जातात कसे? भिंतीतून! अक्षरशः. रोधक थर काही नॅनोमीटर जाड असतो आणि त्यावर वीसेक व्होल्टचा दाब दिला, की काही इलेक्ट्रॉन ज्या भिंतीतून जाणं त्यांना शक्यच नसायला हवं, तिच्यातून पलीकडे उतरतात. या पुंजभौतिकी करामतीचं गणित १९२८ सालीच मांडलं गेलं होतं. आपण एक फोटो साठवतो तेव्हा ही करामत कोट्यवधी वेळा घडते. शिवाय राउटरच्या चिपला बाहेरून वीज मिळते ती जेमतेम ३.३ व्होल्टची, वीस व्होल्ट ती आतल्या आत स्वतःच तयार करते.

ही कल्पना प्रत्यक्षात आणली तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी. १९८४ साली त्यांनी फ्लॅश जगासमोर मांडली आणि १९८७ साली तिचं आणखी दाट, आणखी स्वस्त रूप: नॅन्ड. फ्लॅश हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. सगळं एका झटक्यात पुसलं जाताना बघून त्याला कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला. पुढचं सगळं त्रांगडं या एका झटक्यातच दडलेलं आहे.

असा एक फळा डोळ्यांसमोर आणा, ज्यावर खडूनं हवं तिथे लिहिता येतं, पण डस्टर मिळत नाही. पुसायचं तर अख्खा फळा उतरवून धुवावा लागतो. एकच शब्द चुकला? शेजारच्या चांगल्या ओळी आधी दुसऱ्या फळ्यावर उतरवून घ्या, मग हा धुवा. आणि दर धुण्याला फळ्याचा रंग थोडा उडतो. फ्लॅश अगदी अशी आहे. जुन्या पद्धतीच्या नॅन्डमध्ये एक पान २,०४८ बाइटचं असतं, जोडीला समासासारखे ६४ बाइट. अशा ६४ पानांचा एक ब्लॉक. लिहायचं पानापानानं, पुसायचं मात्र ब्लॉकब्लॉकनं. लिहिताना एकाचं शून्य करता येतं, शून्याचं एक करता येत नाही. त्यासाठी अख्खा ब्लॉक पुसायला हवा. इलेक्ट्रॉन दर वेळी भिंत ओलांडताना भिंतीत थोडी इजा करून जातात, म्हणून हे पुसणंही मोजकंच. प्रत्येक पेशीत एकच बिट ठेवणारी दणकट चिप लाखभर वेळा पुसून घेते. दोन, तीन, चार बिट कोंबणाऱ्या चिपा काही हजारांत, कधी त्याच्याही आत थकतात. चार बिट म्हणजे एका पेशीत सोळा वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या, तेही मोजकेच इलेक्ट्रॉन हाताशी असताना.

आता एक साधी फाइल घ्या, जी दर मिनिटाला बदलते. दर बदलाला तोच ब्लॉक पुसला, तर लाख वेळा पुसायला किती दिवस लागतील? सत्तर. अडीच महिन्यांत तो ब्लॉक संपला, बाकीची चिप कोरी करकरीत.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी यांच्यात हा घोळ सांभाळायला आतच एक छोटा संगणक बसवलेला असतो. तो बाहेरच्या जगाला सांगतो, ‘मी साधी डिस्क आहे, बिनधास्त लिहा’, आणि आत गुपचूप जागांची अदलाबदल करत राहतो. पण राउटर, कारखान्यातली नियंत्रक यंत्रं, मीटर अशा ठिकाणी खर्च वाचवायला नुसती चिप लावतात. कच्ची, उघडी. तिथे हे सगळं काम येऊन पडतं कर्नलवर.

कर्नलला अशी वस्तू माहीतच नव्हती. युनिक्सच्या परंपरेत साठवणीची साधनं म्हणजे डिस्कसारखी: कुठलाही तुकडा घ्या, खोडा, पुन्हा लिहा. फ्लॅश त्या चौकटीत मावत नव्हती. तेव्हा डेव्हिड वुडहाउस या इंग्लिश प्रोग्रामरनं तिच्यासाठी कर्नलमध्ये वेगळा विभाग उभा केला: मेमरी टेक्नॉलॉजी डिव्हाइस, सगळे म्हणतात एमटीडी. त्यात वाचणं आणि लिहिणं यांच्या जोडीला तिसरी क्रिया पहिल्यापासून मान्य केलेली आहे. पुसणं.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये नेटवर्क कॅमेरे बनवणाऱ्या ॲक्सिस कंपनीनं जेएफएफएस नावाची फाइल सिस्टिम लिहिली. तिची युक्ती सुरेख आहे: खोडायचंच नाही. बदल झाला की नवी नोंद पुढे लिहायची, जुनी तिथेच शिळी होऊन पडू द्यायची. जागा भरत आली की ज्या ब्लॉकात शिळं जास्त तो निवडायचा, त्यातलं जिवंत तेवढं उचलून पुढे न्यायचं आणि ब्लॉक पुसायचा. पण यातही एक मेख आहे. ज्या ब्लॉकात कधीच न बदलणारी माहिती आहे, तो कधीच पुसला जाणार नाही. तो आयुष्यभर आरामात, बाकीचे झिजून मरणार. मग काय करायचं? वुडहाउसनं २००१ साली सुधारलेली दुसरी आवृत्ती आणली. तिथलं उत्तर वाचून मी मोठ्यांदा हसलो. ती फाशे टाकते! कर्नलच्या घड्याळाचा चालू ठोका घेते, त्याला १२८ नं भागते आणि उरलेल्या बाकीवरून कुठल्या गटातला ब्लॉक उचलायचा ते ठरवते. १२८ पैकी दोनच बाकी अशा, की पूर्ण स्वच्छ, सुखात बसलेल्या ब्लॉकवर संक्रांत येते. शेजारी लेखकानं टीप ठेवलीय, की झीज वाटून घेण्याची हुशार पद्धत इथे यायची आहे, कधी ना कधी. पंचवीस वर्षं होत आली. ती टीप तिथेच आहे, आणि फाशांवर चाललेली यंत्रंही.

यातलं एक यंत्र महाराष्ट्रात आलं होतं. ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या मोहिमेचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप २००७ साली खैराट-धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत पोचला. त्यात हार्ड डिस्क नव्हती. एक गिगाबाइटची नुसती नॅन्ड चिप होती आणि तिच्यावर हीच फाइल सिस्टिम. पाटी-दप्तराच्या जोडीला ज्या मुलांनी तो उघडला, त्यांचं प्रत्येक चित्र घड्याळाच्या ठोक्यांवर टाकलेल्या फाशांच्या हवाली होतं.

जेएफएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीचा एक दोष लवकरच जाणवू लागला: चालू होताना ती चिपभर फिरून नोंदी गोळा करते. चिपा मोठ्या झाल्या तसं हे थांबणं लांबत गेलं. तेव्हा झीज सांभाळण्याचं काम फाइल सिस्टिमकडून काढून तिच्याखालच्या एका स्वतंत्र थराकडे सोपवलं गेलं. हा थर म्हणजे यूबीआय. आर्टेम बित्युत्स्की यांचा त्यात मोठा वाटा. २००७ साली तो कर्नलमध्ये शिरला, आणि त्याच्यावर बसणारी यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम पुढच्याच वर्षी.

यूबीआय फाशे टाकत नाही, हिशेब ठेवते. कुठला ब्लॉक किती वेळा पुसला गेला याचा आकडा प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर लिहिलेला असतो. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी झिजलेल्या ब्लॉकांत ठरावीक अंतर पडलं (मुळात नेमलेला आकडा ४,०९६), की स्थिर बसलेली माहिती थकलेल्या ब्लॉकात हलवायची आणि ताज्या ब्लॉकाला कामाला जुंपायचं.

थांबा. पुसण्याचा आकडा ब्लॉकवरच लिहिलाय. मग ब्लॉक पुसला की आकडाही पुसला जाणार! म्हणून आकडा आधी वाचून रॅममध्ये लक्षात ठेवायचा, ब्लॉक पुसायचा, मग एकनं वाढवून परत लिहायचा. आणि नेमकी या दोन पावलांच्या मधे वीज गेली तर? आकडा कायमचा हरवला. यूबीआय त्याचं अवडंबर माजवत नाही. बाकीच्या सगळ्या ब्लॉकांची सरासरी काढते आणि तोच या ब्लॉकाचा आकडा समजून पुढे चालू लागते.

वीज जाण्याची धास्ती या सगळ्या कोडमध्ये ओळीओळीत मुरलेली आहे. माहिती हलवताना जुनी प्रत पुसण्याआधी नवी पूर्ण लिहून होते. प्रत्येक प्रतीवर चढता क्रमांक असतो. मधेच अंधार झाला आणि उजाडल्यावर एकाच माहितीच्या दोन प्रती सापडल्या, तर मोठ्या क्रमांकाची घ्यायची. पण ती अर्धवट लिहिलेली असली तर? म्हणून तिच्यासोबत पडताळ्याची बेरीज ठेवलेली असते. जुळली नाही की नवी फेकून जुनी धरायची. आणि एखाद्या ब्लॉकनं लिहिताना दगा दिला तर? त्याला लगेच बाद करत नाहीत. आधी त्याची झडती घेतात. या झडतीच्या फंक्शनचं नाव चक्क ‘टॉर्चर’ असं आहे! ब्लॉक पुसायचा, सगळे बिट एक झाले का बघायचं, मग १०१००१०१ हा नमुना भरून परत वाचायचा, मग त्याचा उलटा ०१०११०१०, मग नुसती शून्यं. तिन्ही परीक्षांत पास झाला तर पुन्हा कामावर, नाही तर कायमची सुट्टी. असे सुट्टीवर जाणारे गृहीत धरून आधीच राखीव जागा काढलेली असते: १,०२४ मागे २०. माहितीपत्रकातला तो वीसचा आकडा आठवला?

इथपर्यंत आपण धरून चाललो होतो, की एकदा लिहिलेलं नीट राहतं. ते राहत नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात. वर अजबपणा असा, की नुसतं वाचल्यानंही बिघाड होतो: एक पान वाचायला शेजारच्या पानांना थोडा दाब द्यावा लागतो, आणि हजारो वेळा वाचलं की त्या शेजाऱ्यांत नको असलेले इलेक्ट्रॉन शिरतात. म्हणजे वाचताय एक, बिघडतंय दुसरंच.

यावर उपाय गणिताचा. पानाच्या समासात ६४ बाइट कशाला ठेवले असतील? मुख्यतः याचसाठी. लिहितानाच मजकुरावरून काही जादा बिट काढून ते तिथे ठेवायचे, म्हणजे वाचताना मजकुरात चूक आहे का, आणि नेमकी कुठे आहे, हे कळतं. कुठे ते कळलं की दुरुस्ती फुकट. शून्याचं एक करायचं किंवा एकाचं शून्य. रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० सालच्या पद्धतीनं २५६ बाइटना फक्त तीन बाइटची राखण पुरते. कुठलाही एक बिट उलटला तर तो सापडतो. २,०४८ बिटांतला नेमका एक!

चिपा दाट झाल्या तसा एक बिट पुरेनासा झाला. तेव्हा कामाला आली बीसीएच ही संकेतपद्धत. यातला एच म्हणजे फ्रेंच गणिती होकेंगेम, त्यांनी ती १९५९ साली मांडली. बी आणि सी म्हणजे राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार राय-चौधरी. त्यांनी ती १९६० साली स्वतंत्रपणे शोधली. बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला शिकवू लागले. तिथले त्यांचे एक विद्यार्थी म्हणजे शरच्चंद्र श्रीखंडे, जे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं एक अनुमान खोटं पाडलं आणि बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. त्याच काळात त्याच बोसांच्या डोक्यात ही संकेतपद्धत आकार घेत होती. हे शुद्ध गणित कागदावर उतरत होतं तेव्हा फ्लॅश चिप नावाची वस्तू जन्मायला अजून पंचवीस वर्षं होती! आज लिनक्सच्या कर्नलमध्ये बीसीएचची स्वतंत्र फाइल आहे. ५१२ बाइटच्या तुकड्यात आठ बिट उलटले तरी ती ते दुरुस्त करते. मोबदल्यात जागा घेते तेरा बाइट.

दुरुस्ती झाली म्हणून कर्नल निवांत होत नाही. उलटलेल्या बिटांची संख्या ठरावीक मर्यादेला पोचली, की यूबीआय तो ब्लॉक हलवायला घेते. अजून सगळं वाचता येतंय, तोवरच.

आता माझं आवडतं कोडं. कोऱ्या पानाचं काय? पुसलेल्या पानात सगळे बिट एक असतात, समाससुद्धा. पण समासातले ते एक कुणी हिशेब करून लिहिलेले नाहीत, त्यामुळे दुरुस्तीचं गणित तिथे बहुधा जुळत नाही आणि ‘पान दुरुस्तीपलीकडे बिघडलंय’ अशी बोंब ठोकतं. सोपं आहे, म्हणाल: सगळे एक असतील तर पान कोरं समजा. बरं. पण कोऱ्या पानातही बिट उलटतात! हजारो एकांमध्ये दोन शून्यं दिसली तर? ते डाग पडलेलं कोरं पान आहे, की कुणी खरोखरच जवळजवळ सगळे एक असलेली माहिती लिहिलीय? २०१५ साली कर्नलमध्ये यासाठी एक छोटं फंक्शन आलं. ते मजकूर आणि समासातले राखणीचे बिट दोन्ही एकत्र घेऊन शून्यं मोजतं. शून्यं दुरुस्तीच्या ताकदीपेक्षा जास्त निघाली तर पान खरंच बिघडलेलं. नाही तर कोरं, आणि ते गुपचूप सगळे एक भरून देतं. समास का मोजायचा? कारण खरी माहिती लिहिली असेल, तर मजकूर कितीही कोरा दिसो, समासात तिच्या खुणा उमटलेल्या असतात. हे फंक्शन जेमतेम एका पडद्यावर मावतं. त्याच्यावर लिहिलेली टिप्पणी त्याच्याइतकीच लांब आहे, आणि ती जरूर वाचावी.

सुरुवातीला मी म्हटलं, संशयी माणसं. त्याचा कळस बघा. चिप आपली ओळख स्वतः सांगते. मी अमुक इतकी मोठी, माझं पान एवढं, मला इतके बिट दुरुस्त करणारी पद्धत लागते. २००६ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन ओएनएफआय नावाचं मानक ठरवलं, त्यात हे ओळखपत्र आहे. पण ते साठवलंय कुठे? त्याच गळक्या चिपमध्ये. म्हणून त्याच्या निदान तीन प्रती असतात आणि प्रत्येकीवर पडताळ्याचा आकडा. पहिली बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी. तिन्ही बिघडल्या तर? २०१८ पासून कर्नल तरीही हार मानत नाही. तो बिटाबिटाला मतदान घेतो! तिन्ही प्रतींत या जागी काय आहे? दोन म्हणतात एक, तिसरी म्हणते शून्य, मग एक. असं करत तीन खोट्या साक्षींतून एक खरी साक्ष जोडायची, पडताळ्याचा आकडा पुन्हा काढायचा आणि जुळला की कामाला लागायचं.

हे सगळं एकदा लिहून झालं की संपलं, असं मात्र नाही. इथे येतात ती हे कोड सांभाळणारी माणसं. कर्नलमध्ये एक भली मोठी यादी आहे, कुठला भाग कोण सांभाळतं त्याची. प्रत्येक भागापुढे स्थिती लिहिलेली: सांभाळलेला, अधूनमधून बघितलेला, अनाथ. हो, ‘अनाथ’ ही अधिकृत स्थिती आहे. एमटीडी अनाथ नाही. मिकेल रेनाल, रिचर्ड वाइनबर्गर, विग्नेश राघवेंद्र ही नावं गेली काही वर्षं त्या भागापुढे आहेत. जगभरातून चिप कंपन्यांचे, बोर्ड बनवणाऱ्यांचे, हौशी माणसांचे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, येतात. ते वाचायचे, प्रश्न विचारायचे, परत पाठवायचे, सुधारून आले की आपल्या शाखेत घ्यायचे. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे नवं घ्यायचं, उरलेले सगळे त्यातल्या चुका निस्तरण्यात. असं वर्षातून पाचेक वेळा. सण नाही, सुट्टी नाही.

आणि यातली खरी मेख: ज्या यंत्रासाठी पॅच आलाय, ते सांभाळणाऱ्याच्या टेबलावर बहुतेक वेळा नसतंच. शेकडो जातीच्या चिपा, त्यांना चालवणारे डझनावारी कंट्रोलर. कुणाकडे असणार सगळे? म्हणून कर्नलमध्येच एक नकली नॅन्ड चिप आहे, जी साध्या रॅममध्ये चालते. तिला सांगता येतं, ‘हे ब्लॉक बिघडलेले आहेत असं नाटक कर, मधेच बिट उलटव, हा ब्लॉक इतक्या वेळा पुसल्यावर मर.’ बिघाडाची रंगीत तालीम!

नव्यापेक्षा जुनं बदलताना हात जास्त थरथरतो. पानाच्या समासातला कुठला बाइट कशासाठी, ही मांडणी एकदा ठरली की ठरली. ती बदलली, तर शेतातल्या पंपावर किंवा कारखान्यात बसलेलं दहा वर्षांपूर्वीचं यंत्र नवा कर्नल चढवल्यावर स्वतःचीच माहिती ओळखणार नाही. फ्रीस्केल कंपनीच्या आय.एमएक्स प्रोसेसरांसाठीचा ड्रायव्हर, म्हणजे तिथल्या फ्लॅशशी बोलणारा कर्नलचा भाग, बघा. तिथला कंट्रोलर मजकूर आणि राखणीचे बिट आळीपाळीनं मांडतो, त्यामुळे कारखान्यानं जिथे ‘ब्लॉक खराब’ अशी खूण केलेली असते, ती जागा नेमकी मजकुराच्या मध्यात येते. मजकुरातला एखादा साधा बाइट उद्या ‘खराब’ म्हणून वाचला जायचा. मग ड्रायव्हर काय करतो? दर लिहिण्याला त्या जागेचा बाइट उचलून पानाच्या सुरुवातीच्या एका सुरक्षित बाइटशी अदलाबदल करतो आणि दर वाचण्याला पुन्हा जागच्या जागी आणतो. त्या यंत्रांचा शेवटचा नमुना भंगारात जाईपर्यंत हे असंच चालू राहणार.

कधी कधी हरणंही मान्य करावं लागतं. पेशीत दोन बिट ठेवणाऱ्या चिपांत दोन पानं एकाच पेशींवर जोडीनं बसतात; दुसरं पान लिहिताना वीज गेली, तर फार पूर्वी नीट लिहून झालेलं पहिलं पानही जातं. म्हणजे ‘लिहून झालेलं शाबूत’ हा यूबीआयचा पायाच खचला. काही वर्षं ते सावरायचे प्रयत्न झाले. शेवटी २०१८ साली यूबीआयनं अशा चिपा नाकारायलाच सुरुवात केली. मला हा निर्णय फार आवडतो. माहिती गमावण्यापेक्षा दारातच ‘नाही’ म्हणणं! दोन वर्षांनी वेगळी वाट निघाली: जोडीतलं एकच पान वापरायचं. निम्मी जागा सोडून द्यायची, पण उरलेली भरवशाची.

काढून टाकणं हेही सांभाळण्यातच येतं. ॲक्सिसची मूळ जेएफएफएस २००७ साली कर्नलमधून गेली. ज्या प्रोसेसरसाठी ती मुळात लिहिली होती, तो ॲक्सिसचा क्रिस, २०१८ साली आणखी सात अल्पवापरातल्या प्रोसेसर-घराण्यांसोबत गेला. दुसरी आवृत्ती, फाशे टाकणारी, अजून आहे.

आणि नवं येतच राहतं. २०२३ साली कर्नलला ओळीनं पानं वाचण्याची एक जलद रीत शिकवली: एक पान बाहेर येत असतानाच चिपनं पुढचं पान आत तयार ठेवायचं. वाचन वेगानं होऊ लागलं. मग तक्रारी आल्या. काही चिपा स्वतःच दुरुस्तीचं गणित करतात, त्यांच्यावर ही रीत चालेना. त्यांच्यासाठी ती बंद केली. मग कळलं, की एका चिपमध्ये कधी दोन स्वतंत्र तुकडे असतात, आणि ओळीनं वाचता वाचता पहिल्याची हद्द ओलांडून दुसऱ्यात शिरता येत नाही. त्यासाठी हद्दीवर थांबून नव्यानं सुरुवात करणारा पॅच आला. त्यात हद्दीचा हिशेब करताना पानांच्या क्रमांकाची नवी कोडी निघाली, आणि त्यांच्या दुरुस्तीचे पॅच पुढच्या आवृत्त्यांत घेतले गेले.